एमआर अँजिओग्राफी : मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे चुंबकीय चित्रण

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आणि तेथून रक्त परत नेणाऱ्या शिरा एमआरआय यंत्राने पाहण्याची तपासणी. रुग्णालयांत ती एमआरए या नावाने ओळखली जाते. फक्त शिरा पाहायच्या असतील तर एमआर व्हेनोग्राफी म्हणतात. पक्षाघात, काही वेळात ओसरणारा तात्पुरता झटका, धमनीवर आलेला फुगा म्हणजे अॅन्युरिझम, मेंदूच्या शिरांतील गुठळी अशा विकारांच्या निदानात ती उपयोगी पडते. तिला क्ष-किरण लागत नाहीत, धमनीत नळी सरकवावी लागत नाही, आणि सर्वांत रुळलेल्या प्रकारात तर शिरेत औषधही टोचावे लागत नाही.

हा प्रकार टाइम-ऑफ-फ्लाइट. निवडलेल्या छेदावर, म्हणजे चित्रणासाठी घेतलेल्या पातळ कापावर, रेडिओलहरींचा मारा इतक्या झपाट्याने होतो की तेथील स्थिर ऊतींना सावरायला सवड मिळत नाही आणि त्यांचा संकेत मंदावतो. छेदात नुकतेच शिरलेले रक्त या माऱ्यातून सुटलेले असते, म्हणून ते पांढरे चमकते. चित्रात दिसते ते वाहते रक्त. वाहिनीची भिंत नव्हे. वाचनातले बरेचसे घोळ इथूनच सुरू होतात. अरुंद जागेच्या पुढे रक्त भोवरे घेते आणि संकेत विस्कटतो, त्यामुळे मध्यम अरुंदपणाही गंभीर भासतो, कधी वाहिनी तुटल्यासारखीच दिसते. संथ प्रवाह किंवा छेदाच्या पातळीत आडवी जाणारी धमनीही फिकी पडते. याच्या उलटही घडते : काही दिवसांच्या गुठळीतील मेथहिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचे बदललेले रूप, स्वतःच चमकते आणि बंद वाहिनीत प्रवाह असल्याचा भास होतो. गोल फिरवून पाहता येणारे त्रिमितीय चित्र देखणे खरे, पण त्यात प्रत्येक दृष्टिरेषेवरचा सर्वांत तेजस्वी बिंदू तेवढा उरतो. मूळ छेद न पाहता त्यावरून निर्णय देणे धोक्याचे.

फेज कॉन्ट्रास्ट या दुसऱ्या पद्धतीत रक्ताचा वेग आणि दिशा मोजता येते. त्यासाठी अपेक्षित वेगाची मर्यादा आधी ठरवावी लागते. ती चुकली तर आकडेही चुकतात. मानेतील कॅरॉटिड धमन्यांसाठी बहुधा गॅडोलिनियम या धातूचे, रक्त उजळ दाखवणारे औषध टोचून चित्रण करतात. ते जलद होते आणि भोवऱ्यांचा त्रास कमी होतो. मात्र 2006 मध्ये या औषधांचा संबंध नेफ्रोजेनिक सिस्टिमिक फायब्रोसिस या त्वचा कडक करणाऱ्या आजाराशी जोडला गेला. तेव्हापासून मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत औषधाची निवड जपून केली जाते.

मेंदूच्या तळाशी असलेले विलिसचे धमनीवलय पुष्कळ निरोगी माणसांत अपुरे असते. एखादी फांदी जन्मतःच बारीक असते, एखादी नसतेच. डावीकडचा आडवा शिरासंकोष, म्हणजे मेंदूतील रक्त बाहेर नेणारी मोठी वाट, अनेकांत लहान असतो आणि व्हेनोग्राफीत तिथे खंड दिसतो. तो गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे सुरू करण्याआधी साध्या एमआरआयचे छेद पडताळले जातात.

1927 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्रण प्रथम केले. त्याच परंपरेतील नळीद्वारे होणारी डीएसए (डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी) आजही निर्णायक मानली जाते. 3 मिलिमीटरपेक्षा लहान फुगे एमआरएत निसटू शकतात, आणि धमनी-शिरांच्या गुंत्यात रक्त आधी कुठे शिरते हा क्रम डीएसएत अधिक स्पष्ट कळतो. तीव्र पक्षाघातात वेळ वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी सीटी अँजिओग्राफी आधी होते. उपचार म्हणून प्लॅटिनमच्या तारांनी भरलेल्या फुग्याच्या पाठपुराव्यात मात्र एमआरएच सोयीची, कारण सीटीत या तारांमुळे चित्र रेषांनी भरून जाते. मोयामोया विकारात कॅरॉटिडची टोके आक्रसतात आणि तळाशी बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते; जपानी निकषांनुसार एमआरआय आणि एमआरएवरूनही त्याचे निदान करता येते.

वाहिनीची भिंत न दिसण्याची उणीव भरून काढण्यासाठी रक्त मुद्दाम काळे दाखवणारे चित्रण विकसित झाले. धमनीचा अस्तर फाटून भिंतीत शिरलेले रक्त त्यात चंद्रकोरीसारखे उजळ दिसते. दाहाने सुजलेली भिंत आणि एका बाजूला साचलेला मेदाचा थर यांत फरक करायलाही त्याची मदत होते.

पेसमेकर किंवा चुंबकाने खेचली जाणारी जुनी धातूची क्लिप शरीरात असेल, तर यंत्राजवळ नेण्यापूर्वी ती वस्तू सुरक्षित असल्याची खात्री करून घेणे बंधनकारक असते.