भिंतीतल्या विटेला शेजारी किती?

परवा सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. काळ्या दगडाचे उंच खांब, एकाला एक चिकटून उभे, जणू कुणी रंधा मारून बसवलेत. पायाशी निवळ पाणी आणि त्यात खांबांचं प्रतिबिंब. खाली ओळ होती: 'समुद्राने मोकळी केलेली द्वारका, शास्त्रज्ञही थक्क!' शेवटी हात जोडलेले सहा. अर्ध्या तासात अकरा जणांनी नमस्कार ठोकले.

फोटो खरा होता, गाव चुकलं होतं. ते खांब आहेत दाग्वोयेचे. चिदोंग गाव, शीयू, जिल्हा पेंगहू, तैवान. असा पत्ता लिहिला की कसं आपल्यातलं वाटतं.

पेंगहू म्हणजे चीन आणि तैवान यांच्यामधल्या सामुद्रधुनीत विखुरलेली नव्वद बेटं. पोर्तुगीज खलाशांनी त्यांना 'पेस्कादोरेस' म्हटलं, म्हणजे कोळ्यांची बेटं. मागोंग हे जिल्ह्याचं एकमेव शहर. बाकी जिल्हा पाच ग्रामीण विभागांत वाटलेला आहे. अशा विभागाला तिकडे 'श्यांग' म्हणतात. ग्रामपंचायतीपेक्षा मोठं, तालुक्यापेक्षा लहान असं ते प्रकरण. शीयू हा त्या पाचांतला एक. नावाचा अर्थच 'पश्चिमेचं बेट'. क्षेत्रफळ एकोणीस चौरस किलोमीटरांच्या आतलं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात अशी चार-पाच शीयू मावतील. त्यात अकरा गावं आणि आठेक हजार माणसं. श्यांगचा प्रमुख दर चार वर्षांनी थेट मतदानाने निवडतात, लोकप्रतिनिधींची सभा वेगळी आणि प्रत्येक गावाला निवडून आलेला गावप्रमुख वेगळा. एकोणीस चौरस किलोमीटरला एवढी निवडणूक! आपल्याकडच्या हौशी उमेदवारांनी तिकडे स्थलांतर करायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा, दगड. ह्वायू नावाचं एक बेट सोडलं तर अख्खं पेंगहू बसाल्टचं आहे. सह्याद्री ज्याचा बनलाय तोच हा काळा पाषाण. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पेंगहूचा त्या मानाने कोवळा, साधारण १.७ कोटी ते ८० लाख वर्षांपूर्वीचा. जात मात्र एकच. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी ना इथे होता, ना तिथे. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा उतू गेला आणि थरांवर थर पसरत गेला. म्हणून शीयूच्या टेकड्याही वरून सपाट आहेत, आपल्या देशावरच्या डोंगरांसारख्या.

पण सपाट पसरलेल्या लाव्ह्याचे उभे खांब होतात कसे? आणि ते बहुतेक षटकोनीच का?

बहुतेक ठिकाणी उत्तर एका ओळीत उरकतात: 'लाव्हा थंड होताना आकसतो आणि निसर्गाला षटकोन आवडतो, बघा मधमाश्यांचं पोळं.' हे उत्तर मला कधीच पटलं नाही. निसर्गाला काही आवडत-बिवडत नाही. चिखलही सुकताना आकसतो, पण तळ्याच्या काठच्या भेगा नीट पाहा. बहुतेक भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात आणि तुकडे चौकोनाच्या जवळ जाणारे असतात. आकसणं दोन्हीकडे आहे, मग एकीकडे चौकोन आणि दुसरीकडे षटकोन का?

आधी चिखल. पहिली भेग पडली की तिच्या दोन्ही कडा मोकळ्या होतात. भेगेच्या आडव्या दिशेचा ताण तिथे संपतो. उरतो तो फक्त भेगेला समांतर असलेला ताण. नवी भेग नेहमी ताणाला काटकोनात उघडते. त्यामुळे मागाहून आलेली भेग जुनीच्या जवळ पोचली की वळते आणि तिला काटकोनात धडकते. इंग्रजी 'टी' अक्षराचा सांधा होतो. तो सांधा पाहून कोणती भेग आधीची आणि कोणती नंतरची हे बिनचूक सांगता येतं. सरळ गेलेली ती थोरली, येऊन थांबली ती धाकटी.

लाव्ह्यात सुरुवात अशीच होते. साधारण ९८० अंश सेल्सियसला बसाल्ट पुरता घट्ट होतो. त्यानंतर प्रत्येक मीटर दगड शंभर अंश निवला की सुमारे एक मिलिमीटर आकसतो. मिलिमीटरने काय होतंय असं वाटेल, पण दगडाला ताणून घ्यायची सवय नसते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली आइसलँडच्या बसाल्टचा तुकडा दोन्ही टोकांना पकडून तापवला आणि हळूहळू निवू दिला. तो ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान तडकला. म्हणजे दगड अजून लालबुंद असतानाच हे खांब घडतात! वाचलं तेव्हा मी चहा विसरलो होतो.

पण इथे चिखलापेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. भेग एका दमात तळापर्यंत जाऊ शकत नाही. खालचा दगड अजून इतका गरम आणि मऊ असतो की तडकण्याऐवजी ताणला जातो. भेग काही सेंटिमीटर जाते आणि थबकते. आणखी थोडा थर निवला की पुढचा टप्पा. पुन्हा थबकते. खांबांच्या अंगावर छिन्नीने मारल्यासारखे आडवे पट्टे दिसतात ना, ते या एकेका टप्प्याचे. द्वारकेच्या पाथरवटाचे नव्हेत.

आता जिथे तीन भेगा मिळतात असा एक सांधा डोळ्यांसमोर आणा. दर टप्प्याला तिघी नव्याने पुढे सरकतात, पण क्रम तोच राहत नाही. या खेपेला डावी आधी निघाली आणि बाकीच्या तिला येऊन मिळाल्या. पुढच्या खेपेला उजवीने नंबर लावला. कुणी कायमची थोरली नाही, कुणी कायमची धाकटी नाही. ज्या भेगेला नंतर यावं लागतं ती जरा वळते, आणि त्या वळण्याने सांधा किंचित सरकतो. असे अनेक टप्पे झाले की 'टी'चे ताठ खांदे खाली पडतात आणि 'वाय' उमटतो: तीन सारख्या फांद्या, मध्ये १२० अंशांचे तीन कोन. तिथे पोचल्यावर कुठल्याच बाजूला झुकण्याचं कारण उरत नाही, म्हणून तो टिकतो.

राहिला सहाचा आकडा. त्यासाठी घराची न गिलावलेली भिंत बघा. नेहमीच्या रचनेतल्या, म्हणजे सांध्यावर सांधा न येऊ देता रचलेल्या भिंतीत मधली कुठलीही वीट घ्या आणि तिचे शेजारी मोजा. वर दोन, खाली दोन, डावीकडे एक, उजवीकडे एक. सहा! वीट चौकोनी, सांधे काटकोनी, तरी शेजारी सहा. प्रत्येक बिंदूपाशी तीनच तुकडे भेटत असतील, तर शेजाऱ्यांची सरासरी सहाच येते; हा केवळ हिशेब आहे. एका बिंदूभोवती ३६० अंश, वाटेकरी तीन, म्हणजे कोनाची सरासरी १२०. आणि सरासरी १२० अंशांचा कोन असलेली आकृती सहा बाजूंचीच असते. म्हणजे षटकोन चिखलात आणि भिंतीतही आधीपासून लपलेला होता. लाव्ह्याने फक्त काटकोन वाकवून त्याला बाहेर काढलं. सरासरी सहा असली तरी एकेक खांब मोजलात तर पाच बाजूंचे आणि सात बाजूंचे भरपूर सापडतात.

वरची दोन परिच्छेदांची कसरत डोक्यावरून गेली असेल तर स्वयंपाकघरात करून बघता येते. कॉर्नफ्लोअर आणि पाणी जवळपास समसमान घ्या, बशीत ओता आणि दिव्याखाली काही दिवस सुकू द्या. (पहिल्या खेपेस माझी बशी घरच्यांनी 'खराब झालंय' म्हणून धुऊन टाकली. चिठ्ठी लावून ठेवा.) सुरुवातीला चिखलासारख्या मोठ्या भेगा पडतील, त्या सोडून द्या. पुरतं वाळल्यावर वडी उलटी करून हलकेच तोडा. आतून काही मिलिमीटर जाडीचे बारीक खांब निघतात. इथे उष्णतेऐवजी पाणी निघून जातं, गणित तेच. दिवा जवळ आणून घाईने सुकवलं तर खांब बारीक, सावकाश सुकवलं तर जाड. दगडातही असंच: जो थर सावकाश निवतो त्याचे खांब जाड. आणि हे निवणं किती सावकाश असू शकतं? हवाई बेटांवरच्या किलाउआ इकी विवरात १९५९ साली साचलेला लाव्हा तळापर्यंत घट्ट व्हायला तीसेक वर्षं लागली.

पांडवांनी एका रात्रीत खांब उभारले, ही आपली गोष्ट मला आवडते; त्या गोष्टीत निदान कुणाचे पैसे जात नाहीत. पण हल्ली 'षट्कोन ऊर्जा'वाले पिरॅमिडवाल्यांच्या शेजारी दुकान थाटून बसलेत. त्यांनी एकदा विटांच्या भिंतीसमोर ध्यान करून बघावं.

शीयूच्या इतिहासावर या दगडाचा शिक्का आहे. जमीन बुटकी आणि सपाट, नदी एकही नाही, वारा अडवायला डोंगर नाही. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटतो आणि समुद्राचे तुषार शेतावर आणून टाकतो. त्याला तिथले लोक 'खारा धूर' म्हणतात. पिकं करपू नयेत म्हणून बसाल्ट आणि प्रवाळाचे दगड रचून छोट्या छोट्या वाफ्यांभोवती गडगे घालतात आणि त्यांच्या आडोशाला भाजीपाला लावतात. कोकणातल्या माणसाला गडगा काय ते सांगायला नको. इथे तो गुरांऐवजी वाऱ्याला अडवतो. चिशी गावचा धबधबासुद्धा पावसाळी. पाऊस झाला की खांबांच्या कड्यावरून पाणी पडतं, एरवी कोरडा.

अशा जागेसाठी कोण भांडेल? सगळे भांडले, कारण सामुद्रधुनी ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती तैवानची किल्ली. डच १६२२ ते १६२४ पेंगहूत तळ ठोकून होते. १६८३ साली चीनच्या छिंग साम्राज्याचा सरदार शी लांग याने पेंगहूची लढाई जिंकली आणि पुढे तैवान आपसूक हाती आलं. १८८५ मध्ये फ्रेंच येऊन गेले. त्यांचा धसका घेऊन छिंग सरकारने १८८७ साली शीयूवर पश्चिम किल्ला बांधायला घेतला आणि आर्मस्ट्राँग या ब्रिटिश कंपनीच्या तोफा चढवल्या. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहात चीनने तैवानबरोबर पेंगहूही जपानला दिलं. तहात बेटांची नावं न देता अक्षांश-रेखांशांची चौकट आखून दिली आहे. बेटाच्या टोकाला १७७८ सालच्या दगडी दीपमनोऱ्याच्या जागी १८७५ मध्ये आधुनिक दीपगृह आलं. आणि जवळच दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सिमेंटची एक खोटी तोफ ओतून ठेवली, वरून जाणाऱ्या विमानांना फसवायला. बुजगावणंच ते! अजून आहे.

१९७० साली शेजारच्या बायशा बेटावरून पूल आला. ज्या खाडीवरून तो जातो तिच्या नावाचा अर्थ 'गरजणारं दार', इतकी तिथली ओहोटी-भरती जोराची.

थोडं विषयांतर: पेंगहू आणि तैवानच्या मधल्या समुद्राच्या तळातून कोळ्यांच्या जाळ्यात एक मानवी जबडा वर आला होता. हिमयुगात समुद्र खाली गेला की तिथे जमीन असायची. जबड्यातल्या प्रथिनांवरून तो डेनिसोव्हा मानवाचा, म्हणजे नामशेष झालेल्या एका मानवी शाखेचा, असल्याचं २०२५ साली जाहीर झालं. फॉरवर्ड करायचंच तर हे करा की!

राहिले दाग्वोयेचे खांब. ते समुद्राने मोकळे केले नाहीत. जपानी अमदानीत धक्का बांधायला दगड हवा होता, म्हणून टेकडीची कूस कापली आणि आतले खांब उघडे पडले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचंही तसंच. आजूबाजूचा दगड खाणवाल्यांनी फोडून नेला आणि साठेक मीटर उंचीचा खांबांचा गड्डा तेवढा उरला, डोक्यावर गावदेवीचं देऊळ घेऊन. अंधेरी स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं.

आणि फोटोतलं ते पाणी, ज्याला अकरा नमस्कार मिळाले? दाग्वोयेच्या पायथ्याशी खळगा आहे. पाऊस झाला की त्यात डबकं साचतं. पर्यटक त्याच्या काठावर उकिडवे बसतात, मोबाइल पाण्याला टेकेल इतका खाली धरतात आणि प्रतिबिंबासकट खांब टिपतात.