डुक्कर जे खातं ते चरबीत उतरतं

दर काही महिन्यांनी एक यादी फिरत फिरत माझ्यापर्यंत येते. जगातल्या सर्वांत पौष्टिक शंभर पदार्थांची. पहिला नंबर बदामाचा आणि आठवा चक्क डुकराच्या चरबीचा! ही यादी बीबीसीने 2018 साली दिली होती, त्यामुळे थाप म्हणून उडवून लावता येत नाही. पाठवणाऱ्यांत दोन तट असतात. एकाला म्हणायचं असतं, "बघा, डॉक्टर उगाच घाबरवत होते." दुसऱ्याला म्हणायचं असतं, "विज्ञानाचं काही खरं नाही." मूळ शोधनिबंध दोघांनीही उघडलेला नसतो.

तो 2015 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात आला. संशोधकांनी संगणकाला एक कोडं घातलं होतं. हजारावर कच्च्या पदार्थांतून असे लहान लहान गट काढायचे, की एका गटात माणसाची दिवसाची पोषणाची गरज भागावी आणि कशाचा अतिरेकही होऊ नये. जो पदार्थ अशा गटांमध्ये वारंवार येईल त्याला जास्त गुण. म्हणजे तो पदार्थ एकटा किती गुणी आहे हे मोजलेलंच नव्हतं, तो संघात किती वेळा बसतो हे मोजलं होतं. संघात यष्टिरक्षक लागतोच, म्हणून अकराही जण यष्टिरक्षक घ्यायचे नसतात.

यादीतला आणखी एक आकडा सगळे सोडून देतात. या चरबीचे उष्मांक 100 ग्रॅमला 632 दिले आहेत. कढवलेल्या शुद्ध चरबीचे जवळपास 900 असतात. फरक कुठून आला? यादीतली चरबी मांसापासून सोडवलेली, कच्ची, ओली आहे. तिच्यात पाणी आहे, थोडी प्रथिनं आहेत, त्यांच्याबरोबर आलेली थोडी ब जीवनसत्त्वं आहेत. कढवल्यावर उरतो निव्वळ मेद. त्यामुळे ही यादी दाखवून कोणी चरबीचा डबा विकत असेल, तर तो भलत्याच मालाचं प्रमाणपत्र दाखवतोय.

पण यादीतल्या चरबीच्या नोंदीत एक वाक्य खरं होतं. डुकराची चरबी गाईच्या किंवा मेंढीच्या चरबीपेक्षा अधिक असंपृक्त (अनसॅच्युरेटेड) असते. हे का, यात मला सगळ्यांत जास्त रस आहे.

आधी आकडे. मेद ज्यांचा बनतो त्या आम्लांना मेदाम्लं म्हणतात. डुकराच्या 100 ग्रॅम कढवलेल्या चरबीत साधारण 39 ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड, म्हणजे दुहेरी बंध नसलेली) मेदाम्लं, 45 ग्रॅम एकच दुहेरी बंध असलेली आणि 11 ग्रॅम अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्लं सापडतात. गाईच्या चरबीत संपृक्तच 50 ग्रॅम, आणि अनेक बंधवाली जेमतेम 4. खोबरेल तेल शंभर टक्के वनस्पतीजन्य, पण त्यात संपृक्त 80 ग्रॅमच्या वर! 'प्राण्याचं ते संपृक्त, झाडाचं ते असंपृक्त' हा शाळेत पाठ केलेला नियम इथेच मोडतो.

मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. संपृक्त साखळी सरळ काडीसारखी असते. अशा काड्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि मेद घट्ट होतो. साखळीत दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध आला की तिथे तिला वाक पडतो. वाकड्या काड्यांची मोळी घट्ट बांधली जात नाही, म्हणून मेद मऊ राहतो किंवा तेलासारखा वाहतो.

आता गाय. ती गवत खाते, आणि गवतातली बरीचशी मेदाम्लं असंपृक्त असतात. पण ती गाईच्या आतड्यात पोचण्याआधी पोटाच्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीवांच्या तावडीत सापडतात. असंपृक्त मेदाम्लं या जिवाणूंना घातक असतात, म्हणून ते दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून त्यांना सरळ करून टाकतात. तेलापासून वनस्पती तूप करताना कारखान्यात जे होतं, तेच गाय रवंथ करत असताना तिच्या पोटात चाललेलं असतं.

डुकराचं पोट माणसासारखं एकाच कप्प्याचं. वाटेत कोणी नाकेदार नाही. खाल्लेल्या मेदातली बरीच मेदाम्लं आहे तशी आतड्यातून रक्तात आणि रक्तातून चरबीत जाऊन बसतात. पिष्टमय खाद्यापासून डुक्कर स्वतःही चरबी बनवतं, ती मात्र घट्टसर असते. त्यामुळे डुकराची चरबी तपासली की त्याने गेले काही महिने काय खाल्लं याचा अंदाज येतो. 1926 साली अमेरिकेत एलिस आणि इस्बेल या संशोधकांनी हे पद्धतशीर दाखवलं. भुईमूग आणि सोयाबीन खाऊन वाढलेल्या डुकरांचं मांस तिथे मऊ, तेलकट निघत होतं आणि व्यापारी ते नाकारत होते. दोष जातीत नव्हता, खाद्यात होता. स्पेनमध्ये याच गुणाचं सोनं झालं. तिथल्या इबेरियन डुकरांना शेवटचे काही महिने ओकच्या रानात सोडतात. ओकच्या फळांत ओलेइक आम्ल भरपूर असतं. ऑलिव्ह तेलात मुख्यतः असतं तेच हे आम्ल. या डुकरांच्या चरबीत त्याचं प्रमाण 50 टक्क्यांच्या पुढे जातं आणि चरबी बोटाच्या उबेनेही पाघळायला लागते.

अजून एक बारकावा सांगतो, ज्याला रसायन नको त्याने पुढच्या परिच्छेदावर जावं. मेदाच्या रेणूत ग्लिसेरॉलच्या कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. पामिटिक हे संपृक्त आम्ल बहुतेक वनस्पती तेलांत कडेच्या दोन जागांवर असतं, डुकराच्या चरबीत मात्र मुख्यतः मधल्या जागेवर. आपलं पाचक विकर (एन्झाइम) कडेची दोन आम्लं तोडतं, मधलं कण्यालाच राहतं आणि तसंच शोषलं जातं. कडेचं पामिटिक सुटं झालं तर त्यातलं काही कॅल्शियमशी जोडलं जाऊन न विरघळणारा साबण बनतं आणि शौचावाटे निघून जातं. पामिटिक मधल्या जागेवर असण्याची हीच रचना मानवी दुधातल्या मेदात आहे.

चरबी बाजूला ठेवली तर डुकराच्या मांसाची खासियत एकच, पण मोठी: थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व. चरबी काढलेल्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात ते साधारण 0.7 ते 1 मिलिग्रॅम असतं. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज 1.2 मिलिग्रॅम. गोमांसात ते याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मात्र थायमिन पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं, म्हणून उकळून पाणी फेकलं तर बरंचसं त्याबरोबर गेलं. बाकी 'पोर्क' हा एकच पदार्थ समजू नये. पाठीच्या कण्यालगतच्या मऊ मांसात शिजवल्यावर 100 ग्रॅमला 4 ग्रॅमच्या आसपास चरबी असते, पोटाच्या कच्च्या पट्टीत 50 ग्रॅमच्या वर. 1987 साली अमेरिकेत 'दुसरं पांढरं मांस' अशी जाहिरात करून कोंबडीचं गिऱ्हाईक ओढलं गेलं, पण त्यातल्या मायोग्लोबिनमुळे, म्हणजे स्नायूंना लाल रंग देणाऱ्या प्रथिनामुळे, ते लाल मांसातच मोडतं. आणि बेकन, हॅम, सॉसेज यांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाच्या सिद्ध कारणांमध्ये घातलं. तिथे थायमिनचा वकील कामाला येत नाही.

'डुक्कर घाणेरडं, म्हणून त्याचं मांस अंगात घाण करतं' असंही ऐकू येतं. कोणी खावं, कोणी खाऊ नये हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, पण श्रद्धेला शरीरशास्त्राचा खोटा टेकू कशाला? फीतकृमीची भीती खरी आहे, आणि त्यावर मांस नीट शिजवणं हा उपाय आहे. याच कृमीमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी मात्र बाधित माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्याने होतात. त्या कधीही मांस न खाणाऱ्यालाही होऊ शकतात. चिखलाचं म्हणाल, तर डुकराला घाम येण्याची सोय जवळजवळ नाहीच, म्हणून ते चिखलात लोळून अंग थंड करतं.

अंगावर दाट केसही नाहीत. त्यामुळे थंडीत त्याची कातडी आणि लगतची चरबी गार पडते. चरबी तिथे थिजून चालणार नाही, म्हणून बाहेरचा थर जास्त असंपृक्त असतो आणि मूत्रपिंडाभोवतीची उबेतली चरबी सर्वांत घट्ट. 1901 साली हेन्रिक्स आणि हॅन्सन या डॅनिश संशोधकांनी हे तपासायला एकाच वेताची तीन पिलं घेतली. एक उबदार जागी ठेवलं, एक शून्य अंशाच्या गारठ्यात उघडं, आणि तिसरं त्याच गारठ्यात, पण मेंढीच्या कातड्याचा कोट घालून. सर्वांत मऊ चरबी उघड्या पिलाची निघाली. कोटवाल्याची चरबी, तेवढ्याच थंडीत राहूनही, तिच्यापेक्षा घट्ट होती.