हिंजवडीतली चिटणिशी

आयटी कंपनीतल्या तंत्रज्ञान-प्रमुखाची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट काय करते, असं विचारलं की आमच्या घरी उत्तर ठरलेलं: ‘साहेबांची सेक्रेटरी आहे.’ उत्तर चुकीचं नाही. फक्त या कामाचं आपल्याकडचं जुनं नाव चिटणिशी.

शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. पत्राचा मसुदा त्यांच्या हातचा, आणि त्यातलं गुपितही त्यांच्यापाशी. पुण्याच्या पेशवे दप्तरात कापडी रुमालांत बांधलेले मोडी कागद पाहिले की कळतं, धन्याच्या मनातलं नेमक्या शब्दांत उतरवणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या होती.

इंग्रजी अमदानीत टाइपरायटर आणि पिटमनचं शॉर्टहँड आलं. 1955 मध्ये गोदरेजने देशी टाइपरायटर काढला. पेठांमधल्या टायपिंग क्लासांत मुली मिनिटाला 30, मग 40 शब्दांच्या परीक्षा देत आणि पुढे पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांत स्टेनो म्हणून लागत. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. एक अक्षर चुकलं की तिन्ही प्रती खोडायच्या. त्या बोटांच्या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे.

पुण्यात 1981 मध्ये टाटांचं संशोधन केंद्र आलं, 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था, 1991 मध्ये तिचा परम 8000 हा महासंगणक. पुढे हिंजवडी उभी राहिली. साहेब स्वतःच मेल टाइप करू लागले, डिक्टेशन संपलं. उरला तो साहेबांचा वेळ, आणि तो सांभाळणं टायपिंगपेक्षा अवघड निघालं.

कॅलिफोर्नियातल्या टीमची सकाळी 8 ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री 8:30 ला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तीच मीटिंग 9:30 वर सरकते. लंडनची घड्याळं मात्र आठवडाभर आधीच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदललेली असतात. त्या आठवड्यात तिन्ही ठिकाणांचं कॅलेंडर हाताने तपासावं लागतं. शिवाय रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडण्याच्या, आदल्या दिवशी कोणती मीटिंग हलवायची आणि कोणत्या इंजिनिअरला लगेच आत सोडायचं, हे ओळखायला प्रॉडक्टची समज लागते.

स्टेनोकडे निदान परीक्षेचं प्रमाणपत्र असायचं. या समजेची परीक्षा कुठे होत नाही, आणि पगार ठरवताना ती धरलीही जात नाही. हे मला मनापासून खटकतं.