भिंतीवरची लाल शेपटी

माझ्या बहिणीचा फ्लॅट नाशिकच्या इंदिरानगरात, दुसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत टेप लावली तर साडेसहा मीटर भरतात. हे मोजमाप माझ्या नववीतल्या भाचीचं. ती शाळेतर्फे एअर पिस्तूल मारते, नेमबाजीची रेंज आठवड्यातून तीन दिवस मिळते, आणि दिवाळीच्या सुट्टीत तीही बंद. म्हणून घरात लेझरचं सरावाचं पिस्तूल आलं. फरशीवर पाच मीटरवर चिकटपट्टीची खूण झाली आणि कॅलेंडरशेजारी कागदावर काळं वर्तुळ लागलं.

"मामा, मध्ये येऊ नकोस. आणि ते स्टीलचं ताट उचल, चमकतं."

ताट उचललं. तिने हात वर नेला, खाली आणत वर्तुळाखाली स्थिरावला, दोन श्वास गेले आणि खट्. भिंतीवर लाल टिकली उमटली न उमटली तोच विझली. नुसती टिकली नव्हती ती. तिला शेपटी होती, खाली डावीकडे ओढलेली. माझी आई सोफ्यावर बसून वाती वळत होती. ती म्हणाली, "ठिपकासुद्धा धड पडत नाही, कसली बंदूक घेतलीत!"

मी भौतिकशास्त्र शिकवतो, नेमबाजी मला येत नाही. पण त्या शेपटीने माझी अर्धी सुट्टी खाल्ली.

आधी खेळाचं माप सांगतो. दहा मीटर एअर पिस्तुलात नेमबाज एका हाताने, हात लांब करून मारतो. पिस्तूल किलोच्या आसपास, जास्तीत जास्त दीड किलो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. निशाणाचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर रुंद आणि त्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. ७५ मिनिटांत असे ६० नेम. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम हवं असा नियम आहे. म्हणजे एक किलोची वस्तू लांब हातावर तोलून धरायची, आणि त्याच हाताच्या एका बोटाने अर्धा किलोचा जोर असा लावायचा की बाकीच्या चार बोटांना पत्ता लागू नये. अवघड काय आहे ते इथे आहे.

हात हलतोच. निरोगी माणसाच्या स्नायूंना सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कंप असतो, त्यावर श्वासाची हालचाल, त्यावर हृदयाचा ठोका. हा कंप दाबणारी बीटा ब्लॉकर नावाची औषधं रक्तदाबाच्या रुग्णांना सर्रास दिली जातात, पण नेमबाजीत त्यांच्यावर बंदी आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जाँग-सू याची पिस्तुलातली रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदकं याच औषधापायी काढून घेण्यात आली. तेव्हा हलणं गृहीत धरायचं. प्रश्न एवढाच की कुठलं हलणं महागात पडतं.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो मला स्वतःला पटायला वेळ लागला. समजा दिशा न बदलता हातासकट अख्खं पिस्तूल एक मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्रा किती चुकेल? एक मिलिमीटर. बटणाच्या आतच. आता समजा हात जागचा हलला नाही, पण मनगटात पिस्तूल इतकं कललं की पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या साइटच्या खाचेत एक मिलिमीटर डावीकडे दिसू लागली. दोन साइटमधलं अंतर ३२ सेंटिमीटर धरा. ३२ सेंटिमीटरला एक मिलिमीटर, तर दहा मीटरला किती? ३१ मिलिमीटर. छर्रा दहाच्या वर्तुळातून निघून थेट सातच्या कडेला टेकतो. तोच एक मिलिमीटर, पण एकदा सरकण्याचा आणि एकदा कलण्याचा.

नाशिककरांना हे नवं वाटू नये. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे आणि तोफखान्यात कोन ‘मिल’मध्ये मोजतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एका मिलची चूक झाली की किलोमीटरवर गोळा साधारण एक मीटर बाजूला पडतो. त्याच मापाने पाहिलं तर दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर दहा मीटरवर जेमतेम अर्ध्या मिलहून थोडं जास्त भरतं. एवढी बारीक शिस्त नववीतल्या मुलीच्या मनगटाकडे मागितली जाते.

म्हणून सगळे नेमबाज ‘ड्राय’ करतात. ड्राय म्हणजे छर्रा न भरता सगळं तसंच करायचं: उभं राहणं, हात उचलणं, साइट जुळवणं, ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावरही क्षणभर तसंच थांबणं. स्पर्धेच्या बऱ्याच एअर पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते. साध्या स्प्रिंगच्या एअरगनने मात्र हे करू नये. पुढे छर्रा नसला की हवेला अडकाव राहत नाही, आतला दट्ट्या जोरात आपटतो आणि बंदूक खराब होते.

ड्रायची अडचण अशी की उत्तर मिळत नाही. खट् झालं, पण लागलं कुठे? लेझर नेमकं हे भरून काढतो. ट्रिगर सुटला की आतला स्विच दाबला जातो आणि नळीतून लाल झोत निघतो. भाचीच्या पिस्तुलाचा झोत एक दशांश सेकंद टिकतो. इतका लांब कशाला? कारण ठिपका टिपायचा तो मोबाइलच्या अ‍ॅपने, आणि मोबाइलचा कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं घेतो. झोत क्षणार्धात विझला तर दोन चित्रांच्या फटीत हरवेल. एक दशांश सेकंद टिकला की तीन चित्रांत सापडतो आणि अ‍ॅपला ठिपका टिपता येतो.

त्या एक दशांश सेकंदात नळी हलली की ठिपक्याची रेघ होते. शेपटी म्हणजे हीच.

मी फोन स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रांवर लावला. एका झोताची २४ चित्रं मिळाली. पहिल्या चित्रातला ठिपका म्हणजे ट्रिगर सुटला तेव्हा नळी कुठे होती ते. शेवटचा ठिपका तिथून चार सेंटिमीटर खाली डावीकडे. उजव्या हाताने मारणाऱ्याने ट्रिगर हळूच न दाबता खेचला की नेम बहुधा खाली डावीकडेच जातो, कारण बोटाबरोबर मूठही आवळली जाते. म्हणजे शेपटी आपोआप पडलेली नव्हती, तिला दिशा होती.

पण ट्रिगर सुटल्यानंतरच्या हालचालीने काय बिघडतं? लेझरच्या बाबतीत काहीच नाही. प्रकाशाला दहा मीटर जायला ३३ नॅनोसेकंद लागतात. छर्रा मात्र सेकंदाला १६० मीटरच्या वेगाने जातो, दहा मीटरला त्याला ६० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. प्रकाश त्याच्या जवळजवळ १९ लाख पट वेगवान! हवेतल्या प्रवासात हात हलला तर छर्र्याला फरक पडत नाही हे खरं. पण ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंतही काही मिलिसेकंद जातात, आणि तोवर नळी जिकडे वळेल तिकडे तो जाणार. भाचीची नळी पाच मीटरवर एक दशांश सेकंदात चार सेंटिमीटर सरकत होती. याच वेगाने पाच मिलिसेकंदांत ती दोन मिलिमीटर सरकेल, आणि दहा मीटरवर त्याचे चार होतील. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या पावणेसहा. म्हणून नेमबाज ‘फॉलो-थ्रू’चा, म्हणजे ट्रिगर सुटल्यावरही तसंच थांबण्याचा, धोशा लावतात, आणि शेपटी तोच फॉलो-थ्रू भिंतीवर काढून दाखवते. आई ज्याला धड न पडलेला ठिपका म्हणत होती, त्यातच सगळी माहिती होती.

एक फरक लक्षात ठेवावा लागतो. लेझर सरळ जातो, छर्रा दहा मीटरवर गुरुत्वाकर्षणाने सुमारे दोन सेंटिमीटर खाली येतो. एअर पिस्तुलाच्या साइट ही घट धरूनच लावलेल्या असतात. त्याच पिस्तुलाच्या नळीत लेझर बसवून ठिपका वर दिसतो म्हणून साइट फिरवल्या, तर सोमवारी रेंजवर गोंधळ ठरलेला. घरी निशाण पाच मीटरवर असेल तर ते निम्म्या मापाचं हवं, काळा भाग सुमारे ३० मिलिमीटरचा. वर्तुळ मोठं ठेवून मिळवलेले दहा हे मनाचे लाडू.

मला खटकलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. तिसऱ्या दिवशी भाचीचे गुण वाढायच्या ऐवजी घसरले. मी तिच्या बाजूला उभा राहून डोळ्यांकडे पाहत होतो. ट्रिगर सुटायच्या जरा आधी तिची नजर साइटवरून उडून भिंतीवर जात होती, ठिपका बघायला. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतं. नेमबाजाने हाताच्या टोकाशी असलेली पुढची साइट स्पष्ट ठेवायची आणि निशाण धूसर राहू द्यायचं असतं. का, ते वरच्या ३१ मिलिमीटरच्या हिशेबातच आहे. नजर भिंतीवर गेली की साइट धूसर, आणि कललेलं मनगट कळेनासं होतं. लाल ठिपका हे आमिष आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीलाच काय, मलाही ते खेचत होतं.

हालचाल शिकण्यावर संशोधन करणाऱ्यांनी हे बरंच आधी ओळखलंय. प्रत्येक प्रयत्नाला लगेच बाहेरून उत्तर मिळत गेलं की सरावात माणूस झपाट्याने सुधारलेला दिसतो, पण उत्तर काढून घेतलं की घसरतो. स्नायू आणि सांध्यांकडून आतून येणारी खबर ऐकायची सवयच लागत नाही. तिच्या सरांचा उपाय साधा होता: ठिपका बघायच्या आधी तोंडाने सांगायचं, "खाली, आठ." मग भिंतीकडे बघायचं. सांगितलेलं आणि पडलेलं यात किती अंतर आहे, ते वहीत लिहायचं. गुण लिहायचेच नाहीत.

लेझर म्हणजे खेळणं असं समजणाऱ्यांसाठी: आधुनिक पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत छर्रे जाऊन लेझर आला, आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून तिथे तोच वापरतात. दहा मीटरवरच्या ५९.५ मिलिमीटरच्या निशाणावर पाच अचूक नेम, तेही धावून धापा टाकत असताना. पण तिथे कुठेही लागलं तरी लागलं. बटणाएवढ्या वर्तुळाची शिस्त तिथे नाही.

सुरक्षिततेचं थोडक्यात. लेझरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले आहेत, एक मिलिवॅटच्या आतला दृश्य लेझर दुसऱ्या वर्गात मोडतो. चुकून डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि निभावतं. मुद्दाम टक लावली तर नाही. खोलीत कपाटाचा आरसा, टीव्ही, स्टीलची भांडी समोर नकोत. भिंतीवरचा ठिपका पाहायला हरकत नाही, उलट जरूर पाहा: त्यात वाळूसारखे चमचमते कण दिसतात, खडबडीत भिंतीवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून झालेले. चष्मा काढून मान डावी-उजवीकडे हलवली की कणही सरकतात. लांबचं न दिसणाऱ्याला मानेच्या उलट, जवळचं न दिसणाऱ्याला मानेबरोबर. खरं पिस्तूल वापरून ड्राय करायचं तर छर्रे किंवा गोळ्या त्या खोलीतच नकोत. आणि पिस्तूल लेझरचं असलं तरी गॅलरीत नेऊ नये. समोरच्या इमारतीतल्या काकूंना फरक कुठून कळणार?

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी गेलो तर भाचीने काळं वर्तुळ उलटं लावलं होतं. समोर कोरा कागद, लेझर बंद. खट्. "डावीकडे, नऊ," ती म्हणाली आणि वहीत लिहिलं.

"कशावरून?"

"साइट तिकडे गेलेली दिसली ना, मामा."

तेवढ्यात आईला ओट्याकडे जायचं होतं, कणीक मळायला. पिस्तूल टेबलावर ठेवलं गेलं, नळी भिंतीकडे, बोट बाहेर. आई मधून गेली, परात वाजली, आणि हात पुन्हा वर उचलला गेला.