कापूस-व्यापारातील लवाद : पात्रता व परीक्षा

कापसाच्या आंतरराष्ट्रीय सौद्यांतले तंटे न्यायालयात न नेता त्याच व्यापारातल्या जाणकारांनी लवाद म्हणून मिटवण्याची जुनी पद्धत आहे. तिचे मुख्य केंद्र इंग्लंडमधील लिव्हरपूल. तेथील दलालांनी १८४१ मध्ये उभारलेली संघटना २००४ पासून ‘इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन’ या नावाने ओळखली जाते. करारात तिचे नियम लागू असल्याचे एक वाक्य असले, की अकोल्याच्या जिनिंगमधून निघालेल्या गाठींचा वादही लिव्हरपूलच्या लवादापुढे जातो.

वाद दोन प्रकारचे असतात. मालाची प्रत, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (तंतूच्या बारीकपणाचे व पक्वतेचे माप) यांवरून उठणारा वाद हा गुणवत्तेचा. तो नमुने पाहून आणि यंत्रावर तपासून मिटतो, तिथे हाताची आणि डोळ्याची पारख अजूनही मोलाची ठरते. दुसरा तांत्रिक : माल पाठवला नाही, पतपत्र (पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) उघडले नाही, भाव पडताच खरेदीदाराने पाठ फिरवली. यात दोन्ही पक्ष एकेक लवाद नेमतात आणि अध्यक्षाची नेमणूक संघटना करते.

लवाद होण्यासाठी कापसातला अनुभव लागतोच, पण तो पुरत नाही. संघटनेचे उपविधी व नियम, इंग्लिश करार कायदा, १९९६ चा इंग्लिश लवाद कायदा आणि निवाडा-लेखन या विषयांच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते.

मुरलेल्या व्यापाऱ्यालाही चकवणारा एक नियम आहे. सौदा पुरा झाला नाही तरी तो रद्द होत नाही. ठरलेला भाव आणि सौदा बंद करण्याच्या दिवसाचा बाजारभाव यांतल्या फरकाने तो विक्रेत्याच्या नावे परत बिल करून मिटवतात. त्यामुळे ‘तो दिवस कोणता’ यावर लाखो डॉलर फिरतात. मार्च २०११ मध्ये कापूस पौंडामागे दोन डॉलरच्या वर गेला आणि काही महिन्यांत कोसळला, तेव्हा मोडलेल्या सौद्यांचा लिव्हरपूलमध्ये ढीग लागला. मार्च २०१२ मध्ये भारत सरकारने अचानक निर्यातबंदी केली, तेव्हा आपल्या निर्यातदारांनाही हाच नियम समजून घेणे भाग होते.

सर्वांत अवघड भाग निवाडा-लेखनाचा. कोण चुकले हे व्यापाऱ्याला चटकन कळते. पण दोन्ही बाजूंना म्हणणे मांडायची संधी देऊन, पुराव्यावर बोट ठेवून कारणे लिहिणे ही वेगळीच विद्या आहे. प्रक्रियेत गंभीर दोष राहिला, तर निवाड्याला इंग्लंडच्या न्यायालयात आव्हान देता येते. निःपक्षपातीपणाचीही कसोटी असते : पक्षकाराशी असलेले संबंध उघड करावे लागतात. इंग्लिश लवाद कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीने हे कर्तव्य कायद्यातच नोंदवले. ज्या बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ही अट फार गरजेची आहे.

निवाडा न पाळणाऱ्यांची नावे संघटना जाहीर करते आणि अशा पेढीशी सौदा करायला इतर सभासद धजावत नाहीत. वसुलीसाठी १९५८ चा न्यूयॉर्क करार आहे, ज्यामुळे एका देशातला लवादाचा निवाडा दुसऱ्या सदस्य देशात अमलात आणता येतो. भारतात असा निवाडा ‘विदेशी निवाडा’ म्हणून १९९६ च्या भारतीय लवाद कायद्याच्या दुसऱ्या भागाखाली अमलात आणता येतो. देशांतर्गत सौद्यांसाठी मुंबईत स्वतंत्र सोय आहे : १९२१ ची ‘ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन’, म्हणजे आजची ‘कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया’, कॉटन ग्रीन येथून आपल्या उपविधींनुसार लवाद चालवते.