ड्राफ्ट आणि रिक्रूटिंग: मिशिगनला कोणी क्वार्टरबॅक ‘देत’ नाही

नोव्हेंबर आला की मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल तोच प्रश्न पुन्हा कानावर पडतो: “मिशिगन एवढं मोठं नाव, मग एखादा चांगला क्वार्टरबॅक ड्राफ्ट का करत नाहीत?” क्वार्टरबॅक म्हणजे पास फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू. विचारणाऱ्याला फुटबॉल कळत नाही असं अजिबात नसतं. एनएफएल, म्हणजे व्यावसायिक संघांची लीग, तो वर्षानुवर्षं बघत आलेला असतो, रविवारी त्याच्या घरी दुसरं काही लागत नाही. मुलगी ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगनला, किंवा मुलगा कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटला, शिकायला गेला, तेव्हापासून शनिवारचे कॉलेजचे सामनेही तो बघायला लागलेला असतो. प्रश्न मनापासूनच असतो, पण त्याचा पायाच चुकलेला आहे. ड्राफ्ट म्हणजे संघांनी ठरलेल्या क्रमाने नवे खेळाडू निवडून घेणं. कॉलेज फुटबॉलमध्ये तो नाही, कधी नव्हताही. ही गोष्ट डोक्यात नीट बसली नाही की मिशिगन आणि ओहायो स्टेटचं वैर म्हणजे नुसता आरडाओरडा वाटायला लागतो, आणि ते ऐकून माझ्यासारख्या मिशिगनवाल्याचा जीव तुटतो.

ड्राफ्ट तुम्हाला पाठ आहे, तेव्हा तो पटकन उरकतो. १९३६ पासून चालत आलेली ही पद्धत. सात फेऱ्या, आणि गेल्या मोसमात जो संघ सगळ्यात खाली राहिला तो सगळ्यात आधी निवडणार. खेळाडूने हायस्कूल सोडून निदान तीन वर्षं झालेली हवीत. ज्या संघाने नाव पुकारलं तिकडे जायचं, ते शहर आवडो न आवडो. आयपीएलच्या लिलावातही खेळाडूच्या मर्जीला फारशी जागा नसते, म्हणून हा भाग आपल्या लोकांना चटकन कळतो. त्यावर पगाराची कमाल मर्यादा: २०२५ साठी प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर. मुख्य संघ ५३ जणांचा. दुबळ्याला वर काढायचं आणि तगड्याला फार पुढे निसटू द्यायचं नाही, हा या सगळ्या व्यवस्थेचा हेतू.

कॉलेजमध्ये मूळच उलटं आहे. तिथे निवड खेळाडू करतो.

यालाच रिक्रूटिंग म्हणतात. विद्यापीठाच्या हातात फक्त ऑफर देणं असतं, आणि चांगल्या पोराकडे अशा ऑफरींचा ढीग पडलेला असतो. तो दहावी-अकरावीत असल्यापासून कोच त्याच्या शाळेत खेटे घालतात, घरी येऊन त्याच्या आईसमोर बसतात आणि शिक्षणाचं काय, दुखापत झाली तर काय, घरापासून किती लांब, या तिच्या प्रश्नांना उत्तरं देतात. शेवटी सायनिंग डे, म्हणजे सह्यांचा दिवस, येतो. शाळेच्या जिममध्ये एक टेबल मांडलेलं असतं, त्यावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या ओळीने ठेवलेल्या. बाजूला आई-वडील, आजी, धाकटी भावंडं, समोर कॅमेरे. मुलगा एका टोपीपर्यंत हात नेतो, थांबतो, दुसरीकडे वळतो आणि त्यातली एक उचलून डोक्यावर चढवतो. वर्षाला लाखो डॉलर कमावणारे कोच त्या वेळी फोनजवळ बसून असतात. त्यांच्यापुढे दुसरा इलाजच नसतो.

सही होईपर्यंत दिलेला शब्दही बांधील नसतो. ‘कमिट झाला’ ही बातमी वाचून पोरगा आपला झाला असं धरून चालणाऱ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. मिशिगनमधल्याच बेलव्हिलचा ब्राइस अंडरवूड, २०२५ च्या तुकडीतला सगळ्यात मागणी असलेला क्वार्टरबॅक, आधी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) शब्द देऊन बसला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो फिरला आणि मिशिगनला आला. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये ट्रॅव्हिस हंटरने अगदी सहीच्या दिवशी फ्लोरिडा स्टेटला सोडून डिऑन सँडर्स कोच असलेल्या जॅक्सन स्टेटची वाट धरली होती. सँडर्सबरोबरच तो पुढे कोलोरॅडोला गेला आणि २०२४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन बसला. एनएफएलमध्ये पुकारलेलं नाव असं शेवटच्या घटकेला हातातून निसटत नाही.

आता निवडणारा बदलला की हरण्याचा अर्थही बदलतो. लोकांची सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

डिसेंबर २०२० मध्ये एनएफएलमधले न्यूयॉर्क जेट्स ०-१३ वर, म्हणजे शून्य विजय आणि तेरा पराभवांवर, होते. मग त्यांनी रॅम्सना हरवलं आणि त्यांचेच चाहते हळहळले, कारण त्या विजयामुळे ड्राफ्टमधला पहिला क्रमांक जॅक्सनव्हिलकडे सरकला आणि त्या ड्राफ्टमधला गाजलेला क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्सही तिकडे गेला. एनएफएलमध्ये या हळहळीला अर्थ आहे. तिथे पराभवाचीही काहीतरी भरपाई मिळते. म्हणूनच मिशिगनचा एखादा मोसम फसला की कोणीतरी मला समजावतो, “जाऊ दे, एक वर्ष तळाला गेले तर पुढे चांगली पोरं मिळतील.” हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. तळाला गेलात तर चांगली पोरं तुमच्याकडे येणंच बंद होतं, आणि आलेली इतर दारं शोधायला लागतात.

२००८ चं उदाहरण घ्या. त्या वर्षीचा देशातला सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक टेरेल प्रायर पेनसिल्व्हेनियातल्या जनेट या गावचा. मिशिगन त्याच्या मागे होतं, ओहायो स्टेटही होतं. मार्चमध्ये त्याने ओहायो स्टेट निवडलं. त्याच मोसमात मिशिगन ३-९ वर कोसळलं, १९६७ नंतर पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त झालेला मोसम, आणि कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने आम्हाला ४२-७ ने धुतलं. एनएफएलच्या हिशेबाने एवढी नामुष्की झाल्यावर पुढच्या वर्षी उत्तम खेळाडू आमच्या पदरात पडायला हवा होता. मिळालं काय, तर पुढचा मोसम ५-७. ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याकडेच आणखी जातं, आणि ते थांबवणारा कोणताही नियम नाही. ओहायो स्टेटने २०१२ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वेळा आम्हाला हरवलं, त्यामागे कोचिंग होतंच, पण त्याहून जास्त ही ओढ होती.

मिशिगन-ओहायोच्या वैराचं मूळ सांगताना लोक टोलेडोच्या भांडणापासून सुरुवात करतात. १८३५ मध्ये टोलेडोच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे मिलिशिया समोरासमोर उभे राहिले होते, पुढे टोलेडो ओहायोला गेलं, मिशिगनला अप्पर पेनिन्सुला मिळालं आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा. गोष्ट खरी आहे, पण आजच्या वैराला ती पुरत नाही. दोन विद्यापीठं पहिल्यांदा खेळली तीच १८९७ मध्ये. माझ्या मते खरं कारण ओहायोच्या हायस्कूलांत आहे. तिथून मिशिगनपेक्षा जास्त खेळाडू निघतात, आणि मिशिगनला मोठं व्हायचं तर ओहायोची पोरं ओहायोच्या अंगणातून उचलून आणावी लागतात.

डेस्मंड हॉवर्ड क्लीव्हलँडचा. १९९१ मध्ये ॲन आर्बरला त्याने ओहायो स्टेटचा पंट (पायाने लांब मारलेला चेंडू) ९३ यार्ड परत आणून टचडाउन केला आणि एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, हाइझमनच्या पुतळ्याची पोझ घेऊन उभा राहिला. त्या वर्षी ती ट्रॉफी त्यालाच मिळाली. त्याला पास देणारा क्वार्टरबॅक एल्व्हिस ग्रबॅकही क्लीव्हलँडचाच, त्याच्याच शाळेतला. चार्ल्स वुडसन ओहायोतल्या फ्रीमाँटचा. १९९७ मध्ये त्याने ओहायो स्टेटविरुद्ध ७८ यार्डांचा पंट रिटर्न केला, एंड झोनमध्ये पास अडवला, आम्ही २०-१४ ने जिंकलो, आणि मुळात बचावाचा खेळाडू असून हाइझमन त्याने घेतली. ही दोन्ही दृश्यं कोलंबसमध्ये आजही जिव्हारी लागतात, कारण त्यांना हरवणारी पोरं त्यांच्याच राज्यातली होती आणि त्यांनी विचार करून पलीकडची टोपी उचलली होती. ड्राफ्टने आलेल्या खेळाडूबद्दल असा सल राहूच शकत नाही. त्याने कोणाला नाकारलेलंच नसतं.

कोचचंही तसंच. बो शेमबेक्लर ओहायोतल्या बार्बरटनचा, वुडी हेजच्या हाताखाली खेळलेला, हेज ओहायो स्टेटचा कोच असताना त्याचाच साहाय्यक राहिलेला. १९६९ मध्ये मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी गुरूच्या गतविजेत्या संघाला २४-१२ ने हरवलं. पुढची दहा वर्षं दोघांनी सामन्याइतकीच झुंज ओहायोच्या गावागावांतल्या पोरांसाठी दिली. हिशेब शेवटी बोच्या बाजूने ५-४-१, म्हणजे एक बरोबरी धरून.

एनएफएलमध्येही वैरं आहेत, मी ती नाकारत नाही. पण तिथे संघाचा मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो. १९८४ मध्ये कोल्ट्स एका रात्रीत बाल्टिमोर सोडून इंडियानापोलिसला गेले. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला जाऊन रेव्हन्स झाला. विद्यापीठ असं उठून जात नाही.

बारीकसारीक फरक दोन ओळींत: पास धरताना एनएफएलमध्ये दोन्ही पाय मैदानात लागतात, कॉलेजमध्ये एक पुरतो. कॉलेजमध्ये पाच वर्षांत चार मोसम खेळता येतात. फुटबॉलच्या ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा २०२५ पासून गेली आणि तिच्या जागी १०५ खेळाडूंचं रोस्टर, म्हणजे संघयादी, आलं. त्यात स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या वॉक-ऑन पोरांची जागा आटली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे एनएफएलचा क्वार्टरबॅक झालेला बेकर मेफील्ड टेक्सस टेकमध्ये वॉक-ऑन म्हणूनच आला होता.

राहिला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी. “ही तर एनएफएलची फ्री एजन्सीच,” असं आता सगळेच म्हणतात. करार संपलेला खेळाडू तिथे हव्या त्या संघात जातो, आणि वरून तसं दिसतं खरं. पोर्टल २०१८ मध्ये सुरू झालं. २०२१ मध्ये एकदा संघ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासाची अट पाळली तर कितीही वेळा. पण एनएफएलमध्ये फ्री एजंट गमावलेल्या संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमधला जादा क्रमांक मिळू शकतो. कॉलेजमध्ये गेलेल्या खेळाडूच्या बदल्यात काहीच मिळत नाही, आणि ट्रेड, म्हणजे संघांनी खेळाडूंची अदलाबदल करणं, हा प्रकारच नाही. कोणी कोणाला ‘पाठवत’ नाही, इथेही खेळाडू स्वतःच निघतो आणि स्वतःच ठिकाण ठरवतो. म्हणजे पोर्टल हे रिक्रूटिंगच आहे, फक्त वय थोडं वाढलेलं. ओहायो स्टेटने २०२४ साठी कॅन्सस स्टेटमधून विल हॉवर्ड, ओले मिसमधून क्विनशॉन जडकिन्स आणि अलाबामातून केलब डाउन्स आणला. मोठ्या घराकडे आणखी माल गेला.

एक अपवाद मात्र मी आनंदाने मान्य करतो. इंडियाना २०२३ मध्ये ३-९ होतं. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनमधून आले, तिथले तेरा खेळाडू बरोबर आले, आणि २०२४ मध्ये तोच संघ ११-२ करून प्लेऑफमध्ये पोचला. दुबळ्याला वर काढायचं जे काम एनएफएलमध्ये ड्राफ्ट करतो, ते इथे एखादा हुशार कोच पोर्टलच्या जोरावर करू शकतो. नियमाने मात्र ते कोणाच्या वाट्याला येत नाही.

पैशाचंही तसंच. खेळाडूंच्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतर विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा विद्यापीठातल्या सगळ्या खेळांची मिळून आहे, आणि २०२१ पासून चालू असलेले बाहेरच्या जाहिरातींचे करार तिच्याबाहेर राहतात. तिला ‘सॅलरी कॅप’ म्हणून एनएफएलशी तोलू नका. पैशाने खेळ नासला असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. स्टेडियमं भरत होती ती या पोरांमुळे, मग त्यांना वाटा का नको? खेळाचं खरं नुकसान केलं ते परिषदांच्या, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांच्या, फेरमांडणीने. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम २०११ नंतर तब्बल २०२४ पर्यंत एकमेकांशी खेळले नाहीत, आणि ते टीव्हीच्या पैशांसाठी. शंभर वर्षांहून जुना सामना असा मोडणं मला अक्षम्य वाटतं.

३० नोव्हेंबर २०२४ ला कोलंबसमध्ये मिशिगन १३-१० ने जिंकलं, सलग चौथ्यांदा. आमचा मोसम सुमारच चाललेला होता आणि जवळपास सगळे ओहायो स्टेटच जिंकणार असं म्हणत होते. जानेवारीत ओहायो स्टेट नोत्र दामला ३४-२३ ने हरवून राष्ट्रीय विजेतं झालं. एनएफएल बघणारे मित्र म्हणाले, मग तो पराभव गेला की वाहून. प्लेऑफच्या तक्त्यापुरतं ते खरं आहे. पण सह्यांचा दिवस आता डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी येतो, त्या वर्षी ४ डिसेंबरला, म्हणजे सामन्यानंतर चौथ्याच दिवशी. म्हणून या सामन्याला टीव्ही किकऑफच्या तासभर आधीच लावा. मैदानाच्या कडेला साध्या कपड्यांत हायस्कूलची पोरं आई-बापांसह उभी असतात. दोन्हीकडच्या ऑफर घरी ठेवून आलेली काही त्यांत हमखास असतात, आणि त्यांनी अजून टोपी उचललेली नसते.