घरगुती टॅनिंग बेड

त्वचा रापवण्यासाठी अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्यांचा, माणूस आत आडवा मावेल एवढा पलंग. सलूनमध्ये जाण्याऐवजी तो विकत घेऊन घरातल्या खोलीत बसवला, की त्याला घरगुती टॅनिंग बेड म्हणतात. युरोपात ‘सनबेड’ आणि ऑस्ट्रेलियात ‘सोलारियम’ ही नावे रूढ आहेत. मराठीत ‘रापणे’ म्हटले की ऊन आलेच. इथे ऊन नसते, पण त्वचेत जे घडते ते तेच.

उपचारासाठी कृत्रिम प्रकाश वापरण्याची परंपरा जुनी आहे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. केवळ रंगासाठी वापरायचा आजचा बेड मात्र १९७० च्या दशकातला. त्याचे श्रेय जर्मनीच्या फ्रीडरिश वोल्फ यांना दिले जाते आणि त्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत पोहोचला.

आतली रचना घरातल्या ट्यूबलाइटची सख्खी बहीण आहे. नळीतली पाऱ्याची वाफ २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण सोडते. साध्या ट्यूबमध्ये काचेवरचा आतला लेप त्यांचा दिसणारा प्रकाश करतो. इथे लेप वेगळा असल्यामुळे मुख्यतः ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’ प्रकारचे अतिनील किरण बाहेर पडतात, सोबत थोडे ‘बी’ प्रकारचेही. ‘ए’ किरणांनी त्वचेत आधीच असलेले मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, लगेच गडद होते. नवे मेलॅनिन तयार होऊन टिकणारा रंग येतो तो मुख्यतः ‘बी’ किरणांमुळे, आणि त्याला काही दिवस लागतात. हा रंग म्हणजे पेशींमधल्या डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेला बचाव असतो. जाहिरातीत तो आरोग्याची खूण म्हणून येतो, ही गोष्ट वेगळी.

घरगुती बेडमध्ये सहसा १०० वॅटच्या, सुमारे पावणेदोन मीटर लांबीच्या १६ ते २४ नळ्या असतात. २४ नळ्यांचा बेड वीस मिनिटे चालला तर पाऊण युनिटपेक्षा थोडी जास्त वीज जाते, म्हणजे बिलाची धास्ती नको. पण २.४ किलोवॉटचा भार एकाच प्लगवर पडतो, त्यामुळे स्वतंत्र लाइन लागते. शिवाय नळ्या आणि चोक तापतात, म्हणून खोलीत हवा खेळती हवी आणि बेडचे पंखे धुळीने तुंबलेले नकोत.

नळीच्या टोकाला छापलेली अक्षरे खरेदीच्या वेळी फारसे कोणी वाचत नाही, पण सगळे त्यांतच असते. युरोपीय पद्धतीचा ‘१००-आर-४७/३.२’ हा संकेत घ्या. पहिला आकडा वॅटचा, ‘आर’ म्हणजे नळीच्या आत परावर्तक आहे, आणि पुढचे दोन आकडे किरणांचा त्वचा भाजण्याचा जोर व त्यांचे मिश्रण सांगतात. नळी बदलताना हा संकेत जुळला नाही, तर किती मिनिटे झोपायचे हे सांगणारे, बेडवर चिकटवलेले वेळापत्रक खोटे ठरते.

याहून फसवे आहे ते नळ्यांचे म्हातारपण. काहीशे तासांनंतर त्यांचा प्रकाश निळसरच दिसतो, पण जोर उतरलेला असतो. रंग चढेना म्हणून मालक दहाची पंधरा, पंधराची वीस मिनिटे करत जातो. मग एक दिवस नव्या नळ्या बसतात, सवयीने वीसच मिनिटे लावली जातात आणि रात्री पाठ लालबुंद होते. जुना बेड घेताना तासांचे मीटर आधी पाहावे ते यासाठीच. त्याबरोबर टायमर बेड आपोआप बंद करतो का, आपत्कालीन बटण आतून हाताला येते का, झाकण अर्ध्यावर सोडले तर खाली येते का, हेही पाहावे. झोपायच्या अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यावर केसासारख्या चिरा दिसल्या, तर तो बहुधा स्पिरिट किंवा काचेच्या क्लीनरने पुसलेला असतो.

डोळे मिटले म्हणजे झाले, हा समज सर्वांत महागात पडतो. पापणीची कातडी पातळ असते आणि हे किरण तिच्यातून आत जातात. यासाठीचा खास गॉगल नसेल तर बुबुळाला सूज येते आणि पुढे मोतीबिंदूची शक्यता वाढते. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि काही मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात. त्या चालू असताना नेहमीची मिनिटेही भाजतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही उपकरणे माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या रांगेत टाकली. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नव्हे. आकाराचा अंदाज याच संस्थेच्या २००६ च्या विश्लेषणात मिळतो: वयाच्या पस्तिशीआधी वापर सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमाचा (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा) धोका ७५ टक्क्यांनी जास्त आढळला. ‘सुट्टीआधी थोडे रापून घ्यावे, म्हणजे ऊन बाधत नाही’ हा युक्तिवादही लंगडा आहे. अशा रापण्याने मिळणारे संरक्षण, सनस्क्रीनच्या एसपीएफ या मापात, जेमतेम ३-४ इतके असते. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी बेड, हेही पटत नाही: ते ‘बी’ किरणांनी बनते, आणि या बेडचा भर ‘ए’ किरणांवर असतो. सोरायसिस या त्वचारोगासाठी डॉक्टर देतात ते ३११ नॅनोमीटरचे उपकरण वेगळे. त्याची जागा टॅनिंग बेड घेऊ शकत नाही.

युरोपीय मानकानुसार किरणांच्या भाजण्याच्या जोराची मर्यादा चौरस मीटरला ०.३ वॅट आहे. ती अतिनील निर्देशांक १२ इतकी, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या भर दुपारची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये वर्गवारी कडक करून १८ वर्षांखालील व्यक्तींनी वापरू नये असा ठळक इशारा सक्तीचा केला. ब्राझीलने २००९ मध्ये सौंदर्यासाठीच्या वापरावरच बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत २०१५ च्या सुरुवातीपर्यंत व्यावसायिक सोलारियम बंद झाली. पण वय विचारणारा, त्वचेचा प्रकार पाहणारा, आठवड्यातल्या खेपा मोजणारा कर्मचारी हे सगळे दुकानातले कायदे. घरात ती कामे मालकाकडेच येतात, आणि सोळा वर्षांच्या मुलीने दुपारी एकटीने बेड सुरू केला तर तिला अडवायला कोणी नसते. काही बेडना किल्लीचे कुलूप असते. किल्ली टायमरशेजारीच टांगलेली असेल तर त्याचा उपयोग नाही.

संपलेल्या नळ्यांत पारा असतो. त्या घरच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात, शक्यतो नव्या नळ्यांच्या खोक्यात घालून, न फोडता द्याव्या लागतात.